टापांचा ताल कोण धरतो?

घोडा भरधाव सुटतो तेव्हा त्याच्या चार पायांचा हिशेब कोण ठेवतो? मेंदू, असे आपण चटकन म्हणू. खरे उत्तर त्याच्या पाठीच्या कण्यात दडलेले आहे. कण्याला मार बसून ज्यांचे पाय गेले, अशा माणसांच्या आशा आज त्याच उत्तरावर उभ्या आहेत.

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंविषयी एक गोष्ट सांगतात. एक सौदागर दोन घोडे विकायला घेऊन आला. दोन्ही देखणे, उमदे, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे. बाईसाहेबांनी आळीपाळीने दोघांवर मांड टाकली, रिंगण धरले आणि खाली उतरून भाव सांगितला. एकाचे हजार रुपये, दुसऱ्याचे पन्नास! दुसऱ्याच्या छातीला आतून मार बसलेला आहे, असे त्यांचे म्हणणे. सौदागराने ते मुकाट्याने कबूल केले. त्या काळी उत्तर हिंदुस्थानात घोड्याची खरी पारख असलेली तीनच माणसे मानली जात : नानासाहेब पेशवे, ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे आणि झाशीच्या बाईसाहेब.

यात नवल वाटण्याजोगी बाब अशी, की बाईसाहेबांनी घोड्याचे दात तपासले नाहीत की अंगावरून हात फिरवला नाही. त्यांनी चाल पाहिली. किंबहुना चाल अंगाने अनुभवली. घोड्याच्या पाठीवर बसलेल्याला टापांच्या ठेक्यातली बारीकशी चूकसुद्धा खालून जाणवते.

चालींची नावे आपल्याकडे जुनी आहेत. संथ कदम चाल वेगळी, दुडकी वेगळी, चौखूर वेगळी. दुडकीत पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम पडतो, मग उरलेले दोन. रेवाल चालीचा तर थाटच निराळा. सारंगखेड्याच्या यात्रेत ती पाहायला माणसे गर्दी करतात. स्वाराच्या हातातल्या पेल्यातले पाणी सांडू नये, इतकी ती सपाट असते म्हणतात. चौखूर दौडीत सेकंदाला दोनाहून अधिक वेळा चारही पायांचा फेरा पूर्ण होतो आणि प्रत्येक फेऱ्यात घोडा क्षणभर हवेत असतो. कोणत्या क्षणी, हे मात्र नुसत्या डोळ्यांना १८७८ पर्यंत कळले नव्हते. त्या वर्षी अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून दौडत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. तेव्हा दिसले, की चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना घोडा जमीन सोडतो. चित्रकार मात्र शतकानुशतके पाय पुढेमागे ताणलेला घोडा काढत आले होते!

छावणीतले घोडे आणि एक जुना वाद

झाशीची छावणी घोड्यांची होती. १८५७ च्या जूनमध्ये इथे बंडाचा भडका उडाला तेव्हा बारावी देशी पायदळ पलटण आणि चौदावे बेकायदा रिसाले, म्हणजे 'इर्रेग्युलर कॅव्हलरी', यांचे शिपाई इथे तैनात होते. ५ जूनला शिपायांनी छावणीतली तारेच्या आकाराची गढी ताब्यात घेतली. पुढे वेढा पडला. त्या वेढ्यात अडकलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास' लिहून तो काळ आपल्यापुढे ठेवला आहेच. ४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणीसाहेब किल्ल्यातून निघाल्या आणि भांडेरमार्गे काल्पीला पोहोचल्या. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. आज या छावणीत आणि शेजारच्या बबिन्यात रणगाड्यांचे राज्य आहे. टापा थांबल्या त्याला जमाना झाला.

पण त्या रात्रीच्या दौडीचा विचार करा. काळोख, अनोळखी वाट, मागे पाठलाग. घोड्याचे डोळे-कान पुढच्या वाटेत गुंतलेले. अशा वेळी कोणता स्नायू केव्हा आवळायचा आणि केव्हा सैल सोडायचा, याचा हुकूम दर पावलाला मेंदूतून सुटत असेल का?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांमध्ये यावरून मोठा वाद होता. इंग्लंडचे चार्ल्स शेरिंग्टन हे त्या काळातले सर्वांत मोठे नाव. पुढे १९३२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. त्यांच्या मते चालणे ही प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी होती. पाऊल जमिनीला टेकले, की त्या स्पर्शाची वर्दी मज्जारज्जूत जाते आणि तिथून पुढच्या हालचालीची आज्ञा सुटते. चटका बसताच हात मागे येतो, तसेच काहीसे. थोडक्यात, पाऊलच पुढच्या पावलाला हाक मारते.

त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या थॉमस ग्रॅहॅम ब्राउन या तरुण स्कॉटिश संशोधकाने १९११ मध्ये या कल्पनेला सुरुंग लावला. त्याने मांजरांचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला. पायांकडून वर्दी आणणाऱ्या नसाही कापल्या. आता वरून हुकूम नाही, खालून खबर नाही. तरीही पायांचे स्नायू थोडा वेळ चालण्याच्या ठेक्यात आळीपाळीने आवळत राहिले! (हे प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, हे खरे. मांजरे बेशुद्ध असत, एवढाच काय तो दिलासा.) याचा अर्थ उघड होता. ठेका मज्जारज्जूतच जन्म घेतो.

गंमत अशी, की या शोधाकडे जवळजवळ पन्नास वर्षे कोणी ढुंकून पाहिले नाही. ब्राउनसाहेबही पुढे गिर्यारोहणात अधिक रमले आणि माँ ब्लाँ पर्वताच्या अवघड कड्यावर नव्या वाटा पाडून त्यांनी नाव कमावले. १९६० नंतर स्वीडनमध्ये त्यांचे जुने निबंध पुन्हा उघडले गेले, तेव्हा कुठे त्यांच्या कामाचे मोल कळले.

गवई खूण करतो, ठेका तबलजीचा

१९६६ मध्ये मॉस्कोच्या शिक, सेव्हेरिन आणि ऑर्लोव्स्की या तिघांनी एक विलक्षण प्रयोग केला. मोठा मेंदू निकामी केलेले मांजर त्यांनी फिरत्या पट्ट्यावर धरले आणि मध्यमेंदूतल्या एका लहानशा जागी विजेचा मंद झटका दिला. मांजर चालू लागले. झटक्याचा जोर वाढवला, तर ते दुडक्या चालीने धावू लागले. आणखी वाढवला, तर चौखूर! झटका एकाच जागी, एकाच तऱ्हेचा. फक्त जोर कमीजास्त. चाल बदलण्याचा सगळा बारीकसारीक कारभार खाली मज्जारज्जूने परस्पर केला.

मैफिलीत गवई नुसती मान हलवून 'जरा वाढव' अशी खूण करतो. तबलजी लय वाढवतो. कोणत्या बोटाने कोणता बोल काढायचा, हे गवई सांगत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू यांचे नाते पुष्कळसे असेच आहे. स्वाराची टाच घोड्याला, घोड्याच्या मेंदूची खूण मज्जारज्जूला आणि मज्जारज्जूचा ठेका पायांना.

पुढे स्टेन ग्रिलनर या स्वीडिश शास्त्रज्ञाने लँप्रे नावाच्या वाम माशासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचा मज्जारज्जू बाहेर काढून नुसत्या बशीत ठेवला. योग्य रसायने मिळताच त्यात पोहण्याचा ठेका सुरू झाला आणि तो तासन्‌तास चालला. मासा नाही, पाणी नाही, शेपटी नाही. पण पोहणे चालू!

हे ऐकून कुणाला वाटेल, की घोड्याची चाल शिकवणीने ठरते की आत कण्यात ती लिहिलेलीच असते? याचे एक सुंदर उत्तर २०१२ मध्ये मिळाले. आइसलंडच्या घोड्यांपैकी काही एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत धावू शकतात, काहींना ते जमत नाही. स्वीडनच्या संशोधकांनी दोन्हींचे जनुक तपासले. फरक निघाला 'डीएमआरटी३' नावाच्या एकाच जनुकात. हा जनुक काम करतो तो मज्जारज्जूतल्या मोजक्या चेतापेशींमध्ये. डाव्या-उजव्या पायांचा मेळ राखणाऱ्या पेशींपैकी त्या आहेत. ज्या घोड्यात हा जनुक अर्धवट तुटलेला, त्याला ही जादा चाल साधते. दुडक्या चालीच्या शर्यतींत जिंकणाऱ्या घोड्यांमध्येही हाच बदल सापडला. वेग वाढला तरी ते चौखूर उधळत नाहीत. म्हणजे खोगीर, लगाम आणि चाबूक यांच्याइतकाच कण्यातल्या मूठभर पेशींचाही चालीवर हक्क आहे.

जाते नव्हे, रहाटगाडगे

आता या पेशी आत नेमके करतात काय, ते पाहू.

ब्राउनसाहेबांनी सुचवलेले चित्र सोपे होते. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी आठवा. एकीने ओढले, की दुसरीने सैल सोडायचे, मग उलट. मज्जारज्जूतही पेशींचे असे दोन गट मानले गेले. एक पाय वाकवणारा, दुसरा ताठ करणारा. एक बोलू लागला, की दुसऱ्याला गप्प करतो. थकला, की दुसऱ्याची पाळी. हे चित्र पाठ्यपुस्तकांत पक्के बसले आणि अजूनही आहे.

पण कोपनहेगनमध्ये रूने बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कासवावर केलेल्या कामाने हे चित्र डळमळले. कासवच का? त्याच्या पेशी प्राणवायूच्या तुटवड्यातही बराच वेळ तग धरतात. शिवाय कवचाच्या कडेला काही टोचले, की ते मागच्या पायाने ठेक्यात खाजवू लागते, आणि ही हालचालही मज्जारज्जू मेंदूवाचून करतो. २००७ मध्येच या मंडळींना दिसले होते, की खाजवण्याच्या वेळी एकेका पेशीवर 'बोल' आणि 'गप्प बस' अशा दोन्ही आज्ञांचा मारा एकाच वेळी होत असतो. आळीपाळीने नव्हे. पेशी जणू गडबडीच्या बाजारात उभी असते आणि कोलाहलात एखादा आवाज किंचित वर चढला, की ती बोलते.

मग त्यांनी एकाच वेळी शेकडो पेशींचे बोलणे टिपले. २०२२ मध्ये ते 'नेचर' या नियतकालिकात छापून आले. दोन गट दिसलेच नाहीत. काही पेशी फेऱ्याच्या आरंभी बोलत, काही थोड्या नंतर, काही मध्यावर, काही शेवटी. फेऱ्याचा एकही क्षण असा नव्हता, की जेव्हा सगळ्या गप्प आहेत. विहिरीवरचे रहाटगाडगे फिरते तेव्हा एक गाडगे भरत असते, एक वर चढत असते, एक रिते होत असते आणि चाक मात्र अखंड फिरत राहते. तसेच हे. त्यांच्या गणिती प्रतिकृतीत आणखी एक गोष्ट दिसली. हालचालीत जोर आणायचा तर या चाकाचा घेर मोठा होतो. वेग वाढवायचा तर चाक भरभर फिरते. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांभाळता येतात.

हाच नियम घोड्याला आणि माणसाला जसाच्या तसा लागू पडेल, असे अजून ठामपणे म्हणता येत नाही. पण जात्यापेक्षा रहाट अधिक पटतो खरा.

लगाम आणि ओढा

ठेका कण्यात असला तरी मालकी मेंदूकडेच आहे. २०१५ मध्ये स्टॉकहोममध्ये ओले कीन यांच्या प्रयोगशाळेला उंदरांच्या मेंदूच्या देठासारख्या भागात 'थांब' सांगणाऱ्या पेशी सापडल्या. त्या जाग्या केल्या, की चालता उंदीर जागच्या जागी उभा. काही वर्षांनी कळले, की याच कुळातल्या पेशी फक्त एका बाजूला जाग्या झाल्या, तर प्राणी त्या बाजूला वळतो. स्वार एक लगाम ओढतो तेव्हा घोडा वळतो, दोन्ही ओढतो तेव्हा थांबतो. निसर्गाने लगाम आपल्याआधीच करून ठेवले होते म्हणायचे.

आणि अडथळा आला की मोठा मेंदू खडबडून जागा होतो. सपाट जमिनीवर मांजर त्याच्यावाचूनही चालू शकते, पण वाटेतला ठोकळा ओलांडायचा, तर मेंदूच्या पेशींची लगबग वाढते. पाय किती उचलायचा, कुठे ठेवायचा, हे तिथे ठरते. ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे जून १८५८ मध्ये राणीसाहेबांचा नवा घोडा ओढ्याशी अडला, अशी परंपरेने चालत आलेली हकिगत आपण लहानपणापासून ऐकतो. तो घोडा कशाला बुजला, कोण जाणे. पण धावणे आणि ओढा ओलांडणे ही दोन वेगळी खाती आहेत, एवढे आज नक्की सांगता येते.

घरच्या घरी पाहायचे असेल, तर तान्हे बाळ पाहा. दोन-तीन आठवड्यांच्या बाळाला काखेत धरून तळवे टेकवले, की ते पावले टाकू लागते. (मान नीट सावरलेली हवी, आणि घरातल्या जाणत्या बाईच्या हातांनीच हे करावे.) आजी कौतुकाने म्हणते, 'बघा, चालायला लागलं!' हा मेंदूचा पराक्रम नाही, मज्जारज्जूचा आहे. साधारण दोन महिन्यांनी ही पावले दिसेनाशी होतात. आईवडील घाबरतात. पण १९८४ मध्ये अमेरिकेत एस्थर थेलन यांनी अशा बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात धरले, तर पावले परत आली. ठेका गेलेला नव्हता, पायच गुबगुबीत आणि जड झाले होते.

ज्यांचा दोर मध्येच तुटला

ही सगळी हकिगत नुसती गंमत म्हणून सांगण्याची असती, तर इथेच थांबलो असतो. पण छावणी म्हटली की जवान आले आणि जवान म्हटले की जायबंदी जवानही आले. पाठीत गोळी लागून, डोंगरावरून घसरून, वाहन उलटून कण्याला मार बसलेल्या सैनिकांसाठी आपल्या पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. तिथे चाकांच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळणारे आहेत आणि हातही गेल्याने तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारेही आहेत. इस्लामपूरजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. कण्यात गोळी घेऊन ते पोहायला शिकले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये भारतासाठी पहिले सुवर्णपदक घेऊन आले.

अशा माणसाच्या कण्यात तुटते ते काय? बहुतेकदा मार बसतो मानेत किंवा छातीच्या पातळीवर. पायांचा ठेका धरणाऱ्या पेशी त्याच्या खाली, कमरेच्या भागात असतात आणि पुष्कळांच्या बाबतीत त्या शाबूत असतात. तबलजी बसलेला आहे, तबला लावलेला आहे. गवयाची खूण तेवढी पोहोचत नाही.

मांट्रियल आणि लॉस एंजेलिस इथे १९८० च्या दशकात हे मांजरांत सिद्ध झाले. कणा तोडलेल्या मांजरांना रोज फिरत्या पट्ट्यावर आधार देऊन चालवले, तर काही आठवड्यांत त्यांचे मागचे पाय वजन पेलून पावले टाकू लागले. ज्यांना फक्त उभे राहण्याचा सराव दिला, ती उभी राहायला शिकली, चालायला नाही. म्हणजे मज्जारज्जू शिकतोही! जखमेनंतरची रोजची व्यायामोपचाराची कटकट ही निव्वळ सांधे आखडू नयेत म्हणून नसते, हे रुग्णाच्या घरच्यांनी ध्यानात घ्यावे.

माणसांच्या बाबतीत मोठे पाऊल पडले ते स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे. ग्रेग्वार कुर्तीन हे संशोधक आणि जोसलीन ब्लॉक या मेंदूच्या शल्यविशारद, अशी ही जोडी. मज्जारज्जूच्या कमरेच्या भागावर विजेची बारीक पट्टी बसवायची आणि पावलाच्या ठेक्यानुसार नेमक्या जागी, नेमक्या क्षणी झटके द्यायचे, ही त्यांची रीत. २०१८ मध्ये त्यांनी तीन पुरुषांची हकिगत प्रसिद्ध केली. दुखापतीला वर्षे लोटलेली होती. महिनोन्‌महिने सराव केल्यावर ते आधाराने चालू लागले आणि वीज बंद केल्यावरही पाय थोडेफार हलवू लागले.

२०२२ मध्ये नऊ रुग्णांवरचे काम आले. त्यातला एक निष्कर्ष कोणाच्याही ध्यानीमनी नव्हता. चालणे सुधारत गेले तसतशी मज्जारज्जूतली एकूण धावपळ वाढली नाही, ती कमी झाली. मग उंदरांत शोध घेतला, तेव्हा पेशींचा एक विशिष्ट गट हाती लागला. गंमत म्हणजे धडधाकट उंदरांत हा गट बंद पाडला तरी चालीत फरक पडत नाही. जखमेतून सावरणाऱ्या उंदरांना मात्र त्याच्यावाचून चालता येत नाही. सुकाळात कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या गड्याने दुष्काळात घर सावरावे, तसेच हे. २०२३ मध्ये एका डच रुग्णाच्या मेंदूवर आणि मज्जारज्जूवर अशी दोन्हीकडे उपकरणे बसवून मधला तुटका दुवा यंत्राने जोडण्यात आला. चालायचे त्याने मनात आणले, की पाय उचलला जातो. त्याला जिनाही चढता येऊ लागला.

हे वाचून कोणी आपल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाला 'आता महिन्याभरात चालशील' असे सांगू नये. बहुतेकांना चालताना कुबड्या किंवा आधार लागतोच. उपकरण महागडे, शस्त्रक्रिया मोठी, सराव महिन्यांचा, आणि आजही हे मुख्यतः संशोधनाच्या पातळीवर आहे. कण्याच्या रुग्णांशी बोलणारे डॉक्टर सांगतात, की चालण्याइतकीच, किंबहुना त्याआधी, त्यांना चिंता असते लघवी-शौचावरच्या ताब्याची आणि पाठीला पडणाऱ्या जखमांची. दर दोन तासांनी कूस बदलणे आणि त्वचा रोज तपासणे हे आजचे खरे उपचार. ते घरच्यांच्याच हातात आहेत.

आणखी एक गोष्ट तर सगळ्यांच्याच हातात आहे. आपल्याकडे झाडावरून, छतावरून, विहिरीत पडून आणि रस्त्यावरच्या अपघातांत कणे मोडतात. जमलेले लोक दयेपोटी जखमीला काखेत धरून उभे करतात, पाणी पाजायला बसवतात, रिक्षात मुटकुळे करून घालतात. मोडलेल्या मणक्याची धार मज्जारज्जूवर फिरते ती अशा वेळी, आणि अर्धवट शाबूत राहिलेला दोर पुरता तुटतो. आग किंवा वाहनांचा धोका नसेल, तर माणसाला हलवू नये. १०८ ला फोन करावा. डोके दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवावे. हलवणे भागच असेल, तर तिघा-चौघांनी मिळून लाकडाचा ओंडका वळवावा तसे डोके, पाठ आणि पाय एका रेषेत ठेवून सपाट फळीवर, दाराच्या फळीवर घ्यावे. उशी देऊ नये. पायाची बोटे हलवता येतात का आणि स्पर्श कळतो का, हे जागीच विचारून वेळेसह लिहून ठेवावे आणि दवाखान्यात पोहोचताच तो कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा.